साडेएकाहत्तर किलो

माझा धंदा गाड्यांच्या सस्पेन्शनचा. गाडी खड्ड्यात आदळते, वळणावर कलते, ब्रेक मारला की नाक खुपसते, अशा तक्रारी घेऊन लोक येतात. मी त्यांच्या बोलण्याकडे फारसं लक्ष देत नाही, गाडी काट्यावर चढवतो. माझ्याकडे चार सपाट पॅड आहेत, प्रत्येक चाकाखाली एक, आणि कुठल्या चाकावर किती किलो ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसतं. माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही. बायको म्हणते, हे वाक्य एकदाचं पाटीवर रंगवून दाराला लावा, म्हणजे आमचे कान सुटतील.

धाकट्या बहिणीने गाडी आणली तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. गाडी, बहीण नव्हे. गाडी मेहुण्यांची, पण चालवायची बहीणच. ते शेजारी बसून सूचना द्यायचे. त्यांना पट्टा लावायला हमखास वेळ लागायचा, तोवर ही किल्लीवर हात ठेवून थांबायची. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मेहुणे खुर्चीत बसल्या बसल्या गेले. आता बहिणीला डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. आठवड्यातून चार दिवस घाट चढायचा आणि उतरायचा.

“दादा, वळणावर मागची बाजू सुटते रे,” ती म्हणाली. “मला भीती वाटते.”

विकत फारसं काही आणायची गरज नव्हती. फळीवर एक खोकं तीन वर्षं पडून होतं. त्यात चार कॉइलओव्हर होते, म्हणजे शॉकअॅब्सॉर्बर आणि त्याच्याभोवतीच स्प्रिंग. खालची रिंग पान्याने फिरवली की गाडीचा तो कोपरा हवा तसा वर-खाली करता येतो. मेहुण्यांनी हौसेने आणून ठेवले होते. दर शनिवारी यायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसायचे आणि विचारायचे, “झालं का?” मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात नक्की. एकदा गंमत म्हणून त्यांना पॅडवर उभं केलं होतं. साडेएकाहत्तर किलो. सासरचं जेवण अंगी लागलंय, म्हणून मी वहीत लिहून ठेवलं. त्यांचं काम मात्र केलं नाही. ते आजही मला खातं.

खोक्यातल्या स्प्रिंग दगडासारख्या कडक होत्या. मेहुण्यांना गाडी जमिनीला चिकटलेली हवी असायची. ओल्या घाटात कडक गाडी चाकं उडवते, म्हणून स्प्रिंग तेवढ्या मऊ मागवल्या. बहीण एकटीच असणार, डिकीत एक पिशवी. दोन दिवसांत चारही कॉइलओव्हर बसवले, उंची मोजून घेतली. वजन घेताना मी टाकी नेहमी काठोकाठ भरतो; तशी रिकामी गाडी ९६६ किलो भरली.

मग बहिणीला बोलावलं, कारण चालवणारा बसल्याशिवाय गाडीचा तोल लावता येत नाही. आधी तिला पॅडवर उभं केलं. ५४. म्हणजे एकूण १०२० व्हायला हवे होते.

ती गाडीत बसली. पडद्यावर १०९१.५ आले.

हसलो मी. पॅड बिघडला असणार. चारही पॅड आलटून-पालटून ठेवले. तिला उतरवून स्वतः बसलो. माझे ८२ धरून १०४८, बरोब्बर. सीटखाली, गालिच्याखाली, डिकीत हात घालून पाहिलं. एक छत्री निघाली. बहीण पुन्हा बसली आणि पुन्हा १०९१.५ आले. रिंग फिरवून वजन एका चाकावरून दुसऱ्यावर ढकलता येतं, वाढवता येत नाही. जास्तीचं सगळं वजन शेजारच्या सीटच्या बाजूला होतं. किती, ते वजा करून पाहायचं मी टाळलं. मला तोंडी हिशेब चांगला येतो.

“उतर जरा,” मी म्हणालो.

ती उतरली तशी तिच्या बाजूची गाडी वर आली. मग, एका श्वासानंतर, पलीकडची बाजू वर आली.

एक तर आकडेमोडीवर विश्वास ठेवून गाडी एकटीसाठी लावायची, नाहीतर काटा दाखवतो तशी. आयुष्यभर लोकांना जे ऐकवलं तेच मी केलं. बहिणीला बसवून, १०९१.५ला, शेजारच्या बाजूची रिंग अडीच फेरे वर घेतली आणि तोल जुळवला. ती एक चक्कर मारून आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. म्हणाली, हे असताना चालायची तशी चालतेय.

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, ती तपासणीला आली. नव्या स्प्रिंग थोड्या बसतात, म्हणून एकदा पाहावं लागतं. पुन्हा १०९१.५. आता मला त्याची सवय झाली होती, याचीच लाज वाटते. तिला दवाखान्यातून फोन आला म्हणून ती खाली उतरली. एक बाजू वर आली, मग दुसरी. लवकर बोलावलंय, घाटात धुकं आहे, निघते, असं म्हणत ती घाईने बसली आणि गाडी पॅडवरून उतरवून फाटकाबाहेर गेलीसुद्धा.

ती बसली तेव्हा एकच बाजू खाली गेली होती. डोळ्यांनी ते पाहिलं होतं, डोक्यात शिरलं ते नंतर.

मी पडद्याकडे वळलो. पॅड रिकामे होते. तीन आकडे शून्य होते.

चौथा ७१.५.

निर्जीव वस्तू ठेवली की आकडा खिळून राहतो. जिवंत माणूस उभा असला की शेवटचा अंक थरथरतो, कारण माणूस श्वास घेतो.

अंक थरथरत होता.

तो पॅड दारापाशी होता, स्टुलाजवळ. मी बोललो.

“झालं, मेहुणे. केव्हाच झालं.”

आकडा कमी झाला नाही. आणि मग मला ती रिंग आठवली. अडीच फेरे. गाडी दोघांसाठी लावलेली होती. एकटं कुणी त्या ओल्या वळणांवर गेलं, तर मागची बाजू सुटणार. या वेळी माझ्या हाताने.

“ती एकटी गेलीय,” मी म्हणालो.

पडद्यावर शून्य आलं.

मी धावत जाऊन माझ्या व्हॅनमध्ये बसलो. व्हॅन माझ्या बाजूला दबली. मग, एका श्वासानंतर, पलीकडे.

मी तिकडे पाहिलं नाही. आरशातही नाही. बहिणीला फोन लावत राहिलो. गाडी चालवताना ती कधीच उचलत नाही. अकरा किलोमीटर शेजारची सीट प्रत्येक खड्ड्यात करकरत होती. रिकामी सीट खड्ड्यात खडखडते.

घाटाच्या सुरुवातीला पेट्रोल पंप आहे. तिथे तिची गाडी उभी होती आणि ती बाहेर, बॉनेटला टेकून. जीव भांड्यात पडला.

“पहिल्याच वळणावर मागचं सुटलं,” ती म्हणाली. “कशीबशी आवरली आणि खाली आणली. असं कसं झालं, दादा?”

मी म्हणालो, पाहतो. पान्यांची पेटी काढायला मागे वळलो तेव्हा व्हॅनची पलीकडची बाजू हळूच वर आली. मी आणि पेटी तिथेच थांबलो. समोर बहिणीच्या गाडीची शेजारची बाजू खाली बसली.

तिने मागे वळून गाडीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा निवळला. म्हणाली, राहू दे, आता चालेल. मी तिला अडवायला हवं होतं. पण रिंग सोडवून पुन्हा कुणाच्या वजनाला लावणार होतो? ती आत बसली, किल्लीवर हात ठेवला आणि थांबली. पट्टा लागेपर्यंत थांबतात, तेवढं. मग गाडी धुक्यात वर गेली. वळणावर अगदी स्थिर होती.

त्यानंतर ती महिन्याला तपासणीसाठी येते. काल आली होती. मी पॅडवर उभं केलं: ५१. नवं काम, धावपळ, माणूस वाळतोच, असं ती म्हणाली. मागच्या महिन्यात ५२.५ होती.

मग ती गाडीत बसली. पहिल्यापेक्षा तीन किलो कमी भरायला हवे होते. मी पडदा पुसून दोनदा पाहिलं.

१०९१.५.