पाऊस पडला तर येईन

जूनच्या शेवटच्या दिवशी, कॅल्गरीतल्या एका शाळेत, शिक्षकांच्या खोलीत लोर्ना पेटिग्रूने चहाचा कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की ऑगस्टमध्ये ती सायकलवरून विनिपेगला जाणार. एकटी. आठशे सत्तर मैल. एक इंचही कुणाच्या गाडीत न बसता.

"प्रेअरी सपाट असते," ती म्हणाली, "आणि वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. चार वर्षं सातवीच्या मुलांना हेच शिकवतेय मी. मला नुसतं हँडल धरून बसायचंय."

लोर्ना भूगोल शिकवायची. वारा मात्र कधी तिच्या वर्गात बसला नव्हता.

साल एकोणीसशे शहात्तर. दहा ऑगस्टला ती निघाली आणि अकरा ऑगस्टला समोरून, म्हणजे थेट पूर्वेकडून, वारा सुटला तो बारा दिवस सुटलेलाच राहिला. सपाट म्हणजे त्याला अडवायला काही नाही, एवढी साधी गोष्ट तिला तिसऱ्या दिवशी कळली. उतारालाही पॅडल मारावं लागतं, हे चौथ्या दिवशी. पाचव्या दिवशी एक गाय कुंपणापलीकडून तिच्या बरोबरीने चालत होती, आणि गाय पुढे गेली.

परत फिरायची सोय नव्हती. कारण डग्लस. डग्लसशी तिचा साखरपुडा झाला होता आणि तो तिने वसंतात मोडला होता. जाताना तो रागावला नाही, ओरडला नाही, नुसतं शांतपणे म्हणाला, "तू काहीच पुरं करत नाहीस, लोर्ना." झोंबलं ते यासाठी की खरं होतं. घरात एका बाहीचा स्वेटर होता, अर्ध्यावर सोडलेलं फ्रेंच होतं, आणि पियानोवर ती एक धून वाजवायची ती अर्ध्यात थांबायची, कारण पुढचं पान कधी शिकलीच नव्हती. विनिपेगच्या हद्दीची पाटी मात्र सायकलवरून ओलांडायची. निदान ही एक गोष्ट.

वाऱ्यापेक्षा वाईट होती ती माणसं. चांगली होती, हाच त्रास. वाटेतल्या सस्कॅचवान प्रांतात रस्त्याच्या कडेला कुणी उभं दिसलं की गाडी थांबवायची आणि विचारायचं, काही अडचण? न विचारता पुढे जाणाऱ्याचं नाव गावात चार दिवस निघतं. लोर्ना पाणी प्यायला थांबली की ट्रक थांबायचा. बुटाची नाडी बांधायला वाकली की दोन. प्रत्येकाला ती सांगायची, मी ठीक आहे, हौस म्हणून चाललेय, आणि प्रत्येक जण मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, बिचारी.

शेवटी तिने एका पुठ्ठ्यावर लिहिलं, 'मी ठीक आहे. मदत नको,' आणि तो मागे कॅरियरला बांधला. आता ट्रक थांबायचे ते वाचायला.

तसाच एक थांबला. त्यातून एक उंच, उन्हाने रापलेला तरुण उतरला. टोपी मागे सारून त्याने पुठ्ठा दोनदा वाचला.

"अक्षर चांगलंय," तो म्हणाला. "पण असं ठीक असलेली माणसं लिहीत नाहीत."

"तुम्हाला वाचता येतं ना? मग खालची ओळ पण वाचा."

"वाचली. मदत करतोय कुठे? बघतोय फक्त. मागचं चाक डुगडुगतंय तुमचं."

"माहितेय मला."

"आणि पुढे आठ मैलांवर आमचं गाव आहे, झोरिया. आज हॉलमध्ये गावजेवण आहे. ही मदत नाही… बातमी आहे."

ट्रकात बसून तो निघून गेला. तिने एकदा मागे वळून बघायला हवं होतं असं तिला वाटलं, आणि मग आठवलं की तो पुढे गेलाय. ती पुढेच बघत होती. धूळ बराच वेळ हवेत होती.

त्याचं नाव ओरेस्त ह्रिन्किव. हे तिला संध्याकाळी कळलं, लोण्यात परतलेल्या कांद्याच्या वासाने भरलेल्या हॉलमध्ये, तिसऱ्यांदा बटाटा भरलेल्या पिरोही वाढून घेताना. तो मेट्रो नावाच्या मामाबरोबर शेती करायचा. आईबाप नव्हते. बोलायचा कमी, आणि जे बोलायचा ते तोंड अगदी सरळ ठेवून. मामाचं उलट. मामाने लोर्नाच्या शेजारी बसून वाऱ्याची, चाकाची, डग्लसची सगळी चौकशी केली, आणि पानावर आंबट साय ओतत जाहीर केलं की डग्लस हे काही माणसाचं नाव नाही. बायकांनी तिला हॉलमागच्या खोलीत झोपवलं.

सकाळी सायकल नव्हती.

ती मामाने नेली होती. पहाटे उठून, ट्रकात घालून, अठरा मैल पूर्वेला, ओळखीच्या एका वेल्डरकडे, चाक दुरुस्तीला. वर तो खूष होता. "तुझ्या वाटेवरच आहे," तो म्हणाला, "अठरा मैल वाचले तुझे."

लोर्ना हॉलच्या पायरीवर बसली आणि तिला रडू आलं. मामाला काही समजेना. अठरा मैल फुकट मिळाल्यावर रडणारी बाई त्याने पाहिली नव्हती. तिने समजावलं तरी त्याला ते पटेना. ओरेस्त कंबाईनवर, कापणीच्या यंत्रावर, चढत होता. तो खाली उतरला.

"सायकल इथे आणायला लागेल," तो मामाला म्हणाला. "ती इथे थांबली होती, इथूनच निघणार."

"ऊन पडलंय," मामा म्हणाला.

"दिसतंय."

कापणीच्या दिवसांत, लख्ख ऊन पडलेलं असताना, गहू वाळून उभा असताना, ओरेस्त ह्रिन्किवने कंबाईन बंद केली. लोर्नाला यात काही वाटलं नाही. ती शहरातली. पण हॉलमध्ये भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले, आणि दुपारपर्यंत लग्नाला किती टेबलं लागतील याचा हिशेब झाला होता.

ट्रकात बसायच्या आधी लोर्नाने गळ्यातला रुमाल काढला आणि डोळ्यांवर बांधला.

"हे काय?"

"पुढचा रस्ता आधी ट्रकमधून बघितला तर शिळा होईल. मला तो सायकलवरूनच बघायचाय."

तो हसत असावा, पण आवाज आला नाही. मग ट्रक निघाला. काचेतून आलेलं ऊन तिच्या गुडघ्यांवर पडलं होतं, आणि त्याच्या शर्टाला भुशाचा आणि साबणाचा वास होता.

"आता काय दिसतंय?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"शिळं होईल ना?"

"ऐकलेलं चालतं."

"काही नाही दिसत."

"आणि आता?"

"आता… जरा जास्तच काही नाही."

ती हसली. रुमाल सरकू नये म्हणून तिने तो हाताने धरला.

"डावीकडे डोंगर आला," तो म्हणाला.

"खोटं. मी भूगोल शिकवते."

"बरं, डोंगर परत घेतो. पण तळं आहे. त्यात पेलिकन आहेत. पांढरे. तीस-चाळीस असतील."

"गव्हात पेलिकन? समुद्र हजार मैल लांब आहे, ओरेस्त. निदान बदकं म्हणायचंस."

"बदकं नाहीत. पेलिकन आहेत."

कधी ती 'तू' म्हणायला लागली ते दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत. वेल्डरने जाड पट्टी लावून चाक जोडलं होतं. परतीच्या अठरा मैलांत तिने रुमाल परत बांधला, तळं परत लागलं, आणि तो परत तेच म्हणाला.

हॉलसमोर त्याने सायकल उतरवली. बरोबर जिथे काल टेकवली होती तिथे, भिंतीवरच्या ओरखड्याशी हँडल जुळवून. हे करताना तो इतका गंभीर होता की लोर्ना बघतच राहिली. जगात एवढ्या माणसांना तिने हे समजावलं होतं. याला समजावलंच नव्हतं.

"थांबले असते…" ती म्हणाली. "पण थांबले तर हेही अर्धंच राहील."

"मी थांब म्हटलं का?"

"म्हणाला असतास तर?"

"तर तू गेलीच असतीस, आणि मी गावात तोंड दाखवू शकलो नसतो." त्याने टोपी काढली, परत घातली. "विनिपेगला कधी पोचशील?"

"एकतीस तारखेला."

"पाऊस पडला तर येईन. ओल्या गव्हात कंबाईन चालत नाही. ऊन असलं तर नाही जमायचं… मनात काहीही असलं तरी."

सात मैल गेल्यावर डोंगर नव्हता. पण रस्त्याच्या डाव्या हाताला, गव्हाच्या मधोमध, तळं होतं. त्यात अडतीस पांढरे पेलिकन होते. तिने दोनदा मोजले. तोवर तीन ट्रक थांबून गेले, आणि रडणाऱ्या बाईला काय विचारावं ते त्यांना सुचलं नाही.

पुढचे आठ दिवस आकाश निळं होतं. लोर्नाला निळ्या रंगाचा राग यायला लागला. रोज संध्याकाळी ती कुठल्याशा पेट्रोल पंपावरून ओरेस्तला फोन करायची. झोरियात सहा घरांना मिळून एकच लाइन होती, त्यामुळे बोलणं हवामानापुरतंच राहायचं.

"तुझ्याकडे ढग आहेत?"

"नाहीत. तुझ्याकडे?"

"एक होता. गेला."

मग मध्येच शेजारच्या घरातली मिसेस बाबियाक बोलायची, की उत्तरेला थोडे दिसतायत पण ते आपल्या कामाचे नाहीत, आणि चालू द्या तुमचं.

एकतीस तारखेला पहाटे तंबूवर टपटप सुरू झाली. लोर्ना बाहेर आली आणि तोंड वर करून उभी राहिली. पाऊस थंड होता, बारीक होता, आणि आज प्रथमच वारा पाठीमागून होता. पाऊस सगळीकडे पडत असू दे, म्हणजे झोरियातही पडत असू दे, एवढंच तिने मागितलं.

दुपारी, शहर सहा मैलांवर असताना, रस्त्याच्या कडेला एक ट्रक दिसला. त्याच्यापाशी एक उंच माणूस भिजत उभा होता. गाड्या त्याच्या अंगावर पाणी उडवून जात होत्या. शहर जवळ आलं होतं, इथे कुणी विचारत नसे.

लोर्नाने ब्रेक दाबला आणि एक पाय टेकला.

"काही अडचण?"

"पेट्रोल संपलं," ओरेस्त म्हणाला. "काटा बघायचा राहिला. साडेतीनशे मैल रस्त्याकडेच बघत होतो… सायकल दिसते का. तरी कुठेतरी हुकलीच."

"मदत हवी?"

"हवी."

तिने पिशव्या काढून ट्रकात टाकल्या आणि तो कॅरियरवर बसला. गडी नव्वद किलोचा. सायकल कण्हली, पण वाऱ्याने ढकललं. पावसाचं पाणी तिच्या मानेवरून खाली उतरत होतं आणि पाठीशी ऊब होती. दोन-तीन मैल गेल्यावर तो तिच्या पाठीला काहीतरी म्हणाला.

"काय? वारा आहे, मोठ्याने बोल."

"त्या दिवशी थांब म्हणायचं होतं. आता म्हणतोय. माझ्याशी लग्न करशील का?"

"परत सांग."

"ऐकू नाही आलं?"

"आलं. पण परत सांग."

त्याने परत सांगितलं. ती हो म्हणाली, आणि म्हणताना मागे वळली, आणि समोर विनिपेगची पाटी दिसत असताना, पाटी दोनशे पावलांवर असताना, मागचं चाक पापडासारखं मोडलं.

दोघं गवतात पडले. लागलं कुणाला नाही. लोर्ना उठून बसली, पाटीकडे बघितलं, चाकाकडे बघितलं.

"चालत जा," ओरेस्त हळूच म्हणाला. "सायकल उचलून. मी बघितलं नाही असं म्हणेन."

"सायकलवरून, नाहीतर नाही."

"मग माझ्यामुळे गेलं हे. मी नसतो बसलो तर…"

"तू बसणार हे मी ठरवलं." तिने केसांतलं पाणी पिळलं. तिला वाटलं होतं तसं काही आत तुटलं नाही. पावसातली ती पाटी छान दिसत होती. "आणि हे मी सोडत नाहीये, ओरेस्त. ठेवतेय."

तिने झोरियाच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आणि वाऱ्याच्या धड्याला आली की खिडकीतून बाहेर बघायची. दर कापणीला ती दोघं म्हणायची, यंदा पाऊस पडला की जाऊन ती दोनशे पावलं पुरी करू. पण पाऊस पडला की मुलं आजारी असायची, नाहीतर छप्पर गळायचं, नाहीतर मामाला कुठेतरी न्यायचं असायचं. मामा गेला. मुलं शहरात गेली. आणि मग एका सप्टेंबरला, सहासष्ट वर्षांचा ओरेस्त ऊन पडलेलं असताना कंबाईनवरून उतरला आणि म्हणाला, चल.

नवी सायकल ट्रकात घातली. वाटेत तळं लागलं, तिथे थांबून दोघांनी पेलिकन मोजले, सव्वीस होते. जुन्या जागेपाशी ओरेस्तने सायकल उतरवली, हँडल पुसलं. लोर्नाने हेल्मेट घातलं. पाटी मात्र दिसेना. गवत होतं तिथे टायरचं दुकान होतं, त्याच्या पुढे फर्निचरचं, आणि त्याच्या पुढे घरंच घरं.

लोर्नाने टायरच्या दुकानातल्या मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली की शहर वाढलं, पाटी आता चार किलोमीटर मागे आहे, तुम्ही येताना ओलांडली असेल.

ओलांडली होती. लोर्ना तेव्हा ट्रकात थर्मासमधून चहा ओतत होती.