कप्तानाचा काळा चष्मा

"सार्जंटबाई, हातातलं टाकून या! कप्तानाला विष घातलंय कुणीतरी!"

सार्जंट लितियाना चौकीत बसून कसाव्याचा उकडलेला कंद खात होती. घास तोंडातच राहिला.

"कुठला कप्तान?"

"आपला एरोनी! या खोऱ्यात दुसरा कप्तान आहे का कुणी?"

नव्हताच. सिगातोकाच्या खोऱ्यात रग्बी खेळत नाही असा पोरगा शोधून सापडायचा नाही, पण देशाच्या संघाचा कप्तान झाला तो नाकोरोवाई गावचा एकटा एरोनी. चिंध्यांचा चेंडू करून अनवाणी खेळलेलं पोर फ्रान्समधल्या क्लबात गेलं, मोठं झालं. येत्या शनिवारी राजधानीत, सूवाच्या मैदानावर त्याचा पन्नासावा आंतरराष्ट्रीय सामना. त्याआधी आशीर्वाद घ्यायला तो गावात आला होता. गावाने डुक्कर भाजलं, मुळं कुटून यांगोना हे मानाचं पेय घोटलं, सगळे सभाघरात चटयांवर बसले. एरोनीने मानाची पहिली करवंटी तोंडाला लावली, रिकामी केली, चार-पाच मिनिटांत उठून उभा राहिला आणि जो धाडकन कोसळला तो उठलाच नाही.

लितियाना पोचली तोवर त्याला इस्पितळात हलवलं होतं. त्याचा मामेभाऊ सिरेली चर्चमागच्या खोलीत कोंडलेला, आणि बाहेर गावातले सहा दांडगे गडी पहाऱ्याला.

"याला कुणाच्या हुकमाने कोंडलंत?" तिने गावप्रमुखाला विचारलं.

"करवंटी यानेच दिली, बाई. पोरं तर घर पेटवायला निघाली होती. मीच म्हटलं, आधी पोलिसांना येऊ द्या."

"उपकार झाले. बाकीचे प्यायले की नाही?"

"एरोनी पडायच्या आत चार म्हातारे प्यायले होते. मीही प्यायलो."

"सगळे एकाच काथवटीतून?"

"एकाच."

"मग?"

"साधी ढेकरसुद्धा आली नाही कुणाला. विष करवंटीत होतं म्हणे. मानकऱ्याची करवंटी वेगळी असते ना."

"म्हणे? कोण म्हणालं?"

"इलाइतिया. एरोनीचा मामा. पोरगा पडल्या पडल्या तोच ओरडला, विष, विष!"

"काथवट कुठाय?"

"त्याने ओतून टाकली. कुणी चुकून पिऊ नये म्हणून. आणि करवंटी रागाच्या भरात चुलीत भिरकावली."

"वा! म्हणजे मी आता राखेला प्रश्न विचारू?"

प्रमुख ओशाळला. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "खरं सांगू का, बाई? एरोनीवर आज सगळंच गाव चिडलं होतं. गावात पाऊल ठेवलं ते काळा चष्मा लावून! डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा घालून आमच्या गावात परका माणूसही फिरत नाही. सभाघरातही काढला नाही हो त्याने. करवंटी घेण्याआधी एक टाळी वाजवायची, तीसुद्धा वाजवली नाही. लहानपणी हेच पोर सगळ्यांत आधी वाकायचं. फ्रान्सची हवा लागली, दुसरं काय!"

गावात चिडलेल्यांना तोटा नव्हता, आणि चिडलेला प्रत्येक माणूस तिच्याकडे तिरक्या नजरेने बघत होता.

कोंडलेल्या खोलीत सिरेली भिंतीला टेकून बसला होता. अंगापिंडाने एरोनीसारखाच. एकेकाळी दोघं राष्ट्रीय शिबिरात बरोबर गेले होते. एरोनी टिकला, सिरेली परत येऊन ट्रॅक्टर चालवू लागला.

"जळत होतास त्याच्यावर?"

"जळत होतो, ताई. खोटं कशाला बोलू? पण जळतो म्हणून विष घालतो का कुणी?"

"सगळ्यांसमोर त्याला टोचून बोललास म्हणे."

"आतेभावाला नाही टोचायचं तर कुणाला टोचायचं? मी म्हटलं, या साहेब, चटईवर बसवेल ना, का खुर्ची आणू?"

"मग तो काय म्हणाला?"

"काहीच नाही!" सिरेलीचा चेहरा पडला. "जन्मात पहिल्यांदा. एरवी माझ्या एकाला दहा सुनावले असते. नुसता बघत राहिला. तेव्हाच म्हटलं, आपला गडी गेला."

"करवंटी तुझ्या हातात कुणी दिली?"

"माझ्या बाबांनी. म्हणजे एरोनीच्या मामानेच."

"आणि तुला कोंडायला लावलं कुणी?"

सिरेलीने मान खाली घातली. "बाबांनीच."

लितियाना खोलीबाहेर आली. पोटच्या पोराला कुणी असं पुढे करतं?

इलाइतिया अंगणात बसला होता. जुना खेळाडू. देशासाठी एकच सामना खेळला, त्यात गुडघा गेला आणि सगळं संपलं. भाच्याला त्यानेच घडवलं, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर पळवून पळवून.

"मामा, आज सकाळीही टेकड्यांवर नेलं होतंत ना त्याला?"

"नेलं होतं. रोजचा सराव."

"आणखी कोण होतं?"

"आम्ही दोघंच."

"पडला वगैरे नाही ना?"

"एरोनी? तो दुसऱ्यांना पाडतो, बाई." इलाइतिया पुढे झुकला. "रक्ताच्या तपासणीला किती दिवस लागतील?"

"सोमवार उजाडेल."

"असं. आणि विष उतरलं की शनिवारी मैदानात उतरायला काही हरकत नाही ना?"

पोटचा पोरगा कोठडीत जायच्या बेतात होता आणि बाप सामन्याची चौकशी करत होता.

एरोनीची आई अकानिसी इस्पितळात जायला गाडीची वाट बघत होती. डोळे रडून सुजलेले.

"सकाळी टेकड्यांवरून आला तेव्हा कसा होता, मावशी?"

"गप्प होता गं. येताना गाडीत ओकला होता. मला म्हणतो, आई, मासे कुणी आणले? म्हटलं, सिरेलीने. घटकाभराने पुन्हा तेच. मग पुन्हा तेच! म्हटलं, दमलाय पोर. खिडकीचा पडदासुद्धा ओढून घेतला त्याने."

लितियानाने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मावशी, एक परवानगी हवी. त्याच्या डोक्याला हात लावायला सांगू का डॉक्टरांना?"

अकानिसी दचकली. तिकडे कुणी कुणाच्या डोक्याला हात लावत नाही, आणि एरोनी तर मानाच्या घराण्यातला. पण लितियानाचा चेहरा बघून तिने मान हलवली.

लितियानाने फोन लावला. "डॉक्टरीणबाई, पोट धुतलंत, ठीक. आता त्याच्या त्या दाट केसांत बोटं घाला. नीट चाचपा."

डॉक्टरीणबाईंनी फोन बाजूला ठेवून चाचपलं. मग उत्तर आलं.

अंधार पडायच्या आत तिने सगळ्यांना सभाघरात बसवलं. सिरेलीलाही आणवलं, गाडीची वाट बघणाऱ्या अकानिसीलाही थांबवून घेतलं. गणवेश सावरत ती मधोमध बसली.

"विष कुणीच घातलेलं नाही," ती म्हणाली.

एकच गलका झाला. तिने तो ओसरू दिला.

"विष करवंटीत होतं असं म्हणता? करवंटीतलं पोटात गेलं आणि गडी उभ्या उभ्या पडला. इतकं झटपट कुठलं विष चढतं? आणि तो ओकला तो सकाळी, यांगोना प्यायच्या कितीतरी आधी. तुम्हाला चष्म्यात माज दिसला. तुम्ही वाढवलेलं पोर ते, एका दिवसात रीत विसरेल? उजेडाने त्याचं डोकं फुटत होतं म्हणून त्याने चष्मा काढला नाही. टाळी विसरला, टोमण्याला उत्तर सुचलं नाही, आईला एकच गोष्ट तीनदा विचारली. त्याच्या डोक्याला जबर मार बसलाय. कानामागे केसांखाली हे एवढं टेंगूळ सापडलंय. डोक्याला हात लावायचा नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. पण एका माणसाला सकाळपासून ठाऊक होतं."

सगळ्यांच्या माना इलाइतियाकडे वळल्या.

"डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला मैदानात उतरू देत नाहीत. आठवडेच्या आठवडे घरी बसवतात. विष मात्र दोन दिवसांत उतरतं. म्हणून मामा विष म्हणून ओरडले. म्हणून काथवट ओतली, करवंटी जाळली. नाहीतर त्यात काहीच नाही हे आजच कळलं असतं. काय मामा, चुकतेय का मी?"

इलाइतिया चटईकडे बघत बोलू लागला. "उतारावर पाय घसरला त्याचा. खडकावर आपटला. थोडा वेळ शुद्ध नव्हती. मग उठला, चालला. म्हटलं, होईल ठीक. पन्नास सामने, बाई! या खोऱ्यातून कुणी खेळलंय? एवढा एकच सामना हवा होता मला."

"आणि मी?" सिरेली ओरडला. "मी कोण तुमचा?"

"सोमवारी तपासणी आली की सुटणारच होतास."

"शनिवारी त्याला आणखी एक टक्कर बसली असती तर?" लितियाना म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणतात, मैदानातच मेला असता."

तेवढ्यात मागच्या रांगेत अकानिसी उठली. त्यांच्यात बहीण-भाऊ मोठे झाले की समोरासमोर बोलत नाहीत. काही सांगायचं तर तिसऱ्याच्या तोंडून. तिने भावाशी शब्दही न बोलता उभी हयात लोटली होती. ती चटया तुडवत थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "मला तो एकच पोरगा आहे रे."

इलाइतियाने वर पाहिलं आणि तोंड झाकून घेतलं. त्याचे रुंद खांदे गदागदा हलू लागले.

लितियानाने आपला फोन त्याच्यापुढे धरला. "संघाच्या व्यवस्थापकाला लावलाय. तुम्हीच सांगा."

त्याने फोन हातात घेतला. अकानिसी जागची हलली नाही.

"एरोनी खेळणार नाही," शेवटी तो म्हणाला. "डोक्याला मार लागलाय. माझ्या डोळ्यांदेखत लागला, आणि मी लपवला."