धसईचा दगड

"बाई, मी दगड नाय पाठवला."

खुर्चीत टेकायच्या आधीच तिने हे सांगून टाकलं. शहापुरातल्या पिठाच्या गिरणीवरच्या त्या लहानशा खोलीत सुंदरा विशे यांनी मान वर केली, उठून खिडकी लावली. गिरणीचा घरघराट जरा कमी झाला.

"बसा. पाणी घ्या. मग दगडाचं बोलू."

जयराम कोपऱ्यातल्या स्टुलावर होता. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर सुंदराबाईंनी स्वतःचं खासगी तपासाचं काम सुरू केलं, तेव्हापासून त्यांची स्कूटर तोच चालवत होता. लोक त्याला बाईंची सावली म्हणत. सावलीला डोकं असतं, पण नुसतं आकारापुरतं, असं कोणी तरी म्हणालं होतं. जयरामला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

पाहुणीचं नाव दिपिका. मुरबाडकडच्या धसईची, शिवणकाम करणारी. दोन हजार नऊची दिवाळी नुकतीच सरली होती. दिवाळीआधी तिच्या बचत गटाने विजेवर चालणारं शिलाई मशीन घ्यायचं ठरवलं. मुरबाडच्या सायबर कॅफेवाल्या विपुलने ते आपल्या कार्डावर नेटवरून मागवून दिलं.

"आलं, लावलं, अर्धी बाही शिवली नि सुई अडकली. नुसतं गुरगुरतं. कंपनीला फोन केला. माल परत पाठवा, पैसे देऊ, म्हणाले. पाठवलं." दिपिकाने मांडीवरच्या पिशवीतून छापलेले दोन फोटो काढले. "आता म्हणतात, पार्सलात दगड निघाला. रिफंड मिळणार नाय. केस बंद."

"आणि गट?"

"रविवारी बैठक हाय. हिराबाई अध्यक्ष. ती म्हणते, हिनं मशीन विकलं, हिला काढा, पोलिसात द्या." तिने पाण्याचा पेला बाजूला सारला. "गावात मला दगडवाली म्हणतात, बाई. उद्या माझ्याकडं कापड कोण टाकंल?"

सुंदराबाईंनी पहिला फोटो उजेडात धरला. जयरामही वाकला. टेबलावर पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं पार्सल. त्यावर निळ्या शाईत पत्ता. टाके शाबूत. वरच्या दोन टोकांना कापडाच्या बारीक शेंड्या उभ्या. दुसऱ्या फोटोत तेच खोकं उघडं, आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळा धोंडा. खाली कंपनीचा शेरा होता : पार्सल शिवण न उसवता पोचलं, वजन मशीनइतकंच भरलं.

"अक्षर तुमचं?"

"माझंच. कापड मीच घातलं. पार्सल असंच पाठवतात ना?"

"वजन मशीनइतकंच," सुंदराबाई पुटपुटल्या. "तुमच्या घरी काटा आहे?"

"काटा कशाला? तांदूळ मोजायला मापटं हाय."

बाईंनी तिची पिशवी हातात घेऊन उलटसुलट केली. "हीही तुम्हीच शिवली? कोपरे छान बसलेत."

"कोपरा आत मुडपून घ्यायचा. लिफाफ्यागत सपाट. माझा हात दुसरा वळतच नाय."

"ते मशीन समोर आणलं तर ओळखाल?"

"सासू ओळखंल. नवी वस्तू घरात आली का सकुबाई पिठाच्या पाण्यात बोटं बुडवून पाच ठिपके लावणार. वरचे मी पुसले, कापडाला डाग पडतात म्हणून. बुडाखालचे तसेच ऱ्हायले."

"शेवटचं विचारते. कंपनीच्या एका शेऱ्यावर सगळं गाव तुमच्यावर उलटलं?"

दिपिकाने मान आडवी हलवली.

"माझ्याच तोंडानं झालं. पार्सल जीपमध्ये चढवताना देवराम डायवर म्हणाला, काय गो, एवढं जड काय? मी वैतागलेली. बोलले, दगड हाय दगड! नेऊन टाक मुरबाडला."

जयरामने बाईंकडे पाहिलं. झालं, कबुलीच की ही! पण बाईंच्या चेहऱ्यावर काही दिसेना.

*

विपुलच्या कॅफेत चार संगणक आणि एक गणपती होता.

"मॅडम, माझा काय संबंध? मी फक्त ऑर्डर टाकली. आता कस्टमर केअरला फोन लावला की बाई नुसती म्युझिक ऐकवते."

"रिफंड कुठे जमा होणार होता?"

"माझ्या कार्डावर. पेमेंट तिथून झालं ना."

"म्हणजे तो आला तर तुम्हाला कळणार, तिला नाही."

विपुलचे कान लाल झाले. "माझ्यावर डाऊट? हे बघा, खातं उघडून दाखवतो." त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. पैसे आलेले नव्हते. "आणि ते पार्सल परत जाताना मी पाहिलंसुद्धा नाही. ती स्वतःच म्हणाली ना, दगड आहे!"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"देवरामने. त्याने सगळ्या मुरबाडला सांगितलंय."

देवराम जीप स्टँडवर सापडला. टपावर भाताची पोती चढत होती. दोन हमाल पोत्याचे कान धरून ते वर भिरकावत होते. एक पोतं कुशीत फाटलेलं, त्यावर देवरामने चिंधी करकचून बांधली होती.

"शिवत का नाही?" बाईंनी विचारलं.

"मी? सुई धरली तं बोटातच जाते. शर्टाचं बटणपण बायको लावते."

"दिपिकाचं पार्सल कुठे ठेवलं होतं?"

"पुढं, माझ्याजवळ. एक म्हातारी त्याच्यावर पाय ठेवून आली, उतरंपर्यंत नाय हलली. वाटेत थांबलो का, ते इचारताय ना? भरलेली जीप थांबवली तं माणसं मला खातील." तो ओशाळला. "दगडाचं मी गमतीनं बोललो, बाई. पार्सल कुरिअरच्या हनुमानपुढं टेकवलं नि म्हटलं, घे रे बाबा, धसईचा दगड आलाय. दोघंपण हसलो."

"त्या दिवशी आणखी कोणाला सांगितलं?"

"त्या दिवशी कोणाला सांगणार? जीप भरली होती, निघालो. बाकीच्यांना फोटो आल्यावर सांगितलं."

"हा पचकणारा वाटतो, चोर नाही," वाटेत जयराम म्हणाला. "मला विचाराल तर बाई, आपली पाहुणीच—"

"विचारलं नाही, जयरामभाऊ."

*

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर हनुमानचं कुरिअरचं दुकान होतं. अरुंद, पण लख्ख. वजनकाटा पुसून ठेवलेला.

"पार्सल आलं तसं गेलं, बाई. संध्याकाळी आलं, रात्री इथंच होतं कुलपात. सकाळी कल्याणची गाडी घेऊन गेली. आत काय, ते आमी बघत नाय."

"बरोबर आहे." सुंदराबाईंनी पिशवीतून एक खोकं आणि मांजरपाटाचा तुकडा काढला. "एक काम होतं. हे कल्याणला पाठवायचंय. मला शिवता येत नाही. कोणी शिवून देईल का इथे?"

"द्या, मीच देतो. एवढ्यासाठी कोणाला शोधणार?"

त्याने सुई ओवली. कापडाच्या एका टोकाची चिमूट धरली, तिला दोऱ्याचे दोन वेढे देऊन आवळली आणि भराभर टाके घालत दुसऱ्या टोकाला पोचला. तिथेही चिमूट, वेढे, गाठ. पार्सल शिवून होईपर्यंत जयरामने टपरीवरून आणलेला चहासुद्धा निवला नव्हता.

"हात तयार आहे तुमचा," बाई म्हणाल्या.

"भाताच्या गिरणीत होतो आधी. कोंड्यानं खोकला लागला, म्हणून हे धरलं." तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. "हां, काजल... परत अडकली? जोर नको लावू. मिस्त्री घेऊन येतो... ठेव आता." फोन खिशात टाकत तो हसला. "बहीण. खर्डीला दिलीय, आताच दिवाळीनंतर लग्न झालं."

"काय अडकलं?" जयरामने सहज विचारलं.

"अं? पंखा."

सुंदराबाईंनी अंगावरची शाल सारखी केली. मग एकदम कपाळाला हात लावला. "अगंबाई, पत्ता आणायलाच विसरले! असू दे, उद्या पाठवीन." शिवलेलं पार्सल त्यांनी काखेत मारलं.

शहापुरात पोचल्यावर त्यांनी जयरामला कामाला लावलं. "तुमची नवी पँट लांब होते ना? उद्या खर्डीला जा आणि काजल नावाच्या नव्या नवरीकडून दुमडून आणा."

"पँट दुमडायला खर्डी? शहापुरात शिंपी मेलेत का?"

"जा हो."

दुसऱ्या दिवशी जयराम तणतणतच परतला. "चांगली मुलगी आहे, पण अर्धा दिवस बसवलं. हातानं शिवून दिली. म्हणे मशीन नवंकोरं आहे, पण सुई अडकते."

सुंदराबाई इतक्या समाधानाने हसल्या, की जयरामला आपण काही तरी मोठं काम केल्यासारखं वाटलं. काय, ते मात्र कळलं नाही.

*

रविवारी धसईत हिराबाईच्या ओटीवर गट जमला. विपुल आणि देवराम भिंतीला टेकून होते. हनुमानला 'कुरिअरची साक्ष लागेल' म्हणून बोलावलं होतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. दिपिका खांबाशी एकटी बसली होती. तिच्या शेजारची जागा कोणी घेतली नव्हती.

"बोला काय बोलायचं ते," हिराबाई म्हणाली. "फोटो आमी पण बघितलाय. टाका उसवला नाय, अक्षर हिचं. नि ही स्वतः बोलली, दगड हाय."

"तिथूनच सुरू करू," सुंदराबाई म्हणाल्या. "हिराबाई, तुमच्या जावयाला तुम्ही परवा देवळात काय म्हणालात?"

"कोणी सांगितलं? दगड म्हटलं. काय कामाचाच नाय तो."

ओटीवर हशा पिकला.

"जावई दगडाचा झाला नाही, मग मशीन कसं झालं? बंद पडलेल्या वस्तूला आपण दगडच म्हणतो. त्या दिवशी हा शब्द देवरामने ऐकला आणि एकाच माणसाच्या कानावर घातला. त्या माणसाला वाटलं, बाई स्वतःच दगड म्हणतेय, मग दगड निघाला तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?"

हनुमानने रुमाल काढला.

"आता वजन. दगड मशीनइतकाच भरला. धोंडा हातात घेऊन असं वजन जमत नाही. एकेक दगड काट्यावर टाकून बघावा लागतो. दिपिकाकडे मापटं आहे. देवरामच्या जीपमध्ये काटा नाही, आणि पार्सलवर म्हातारीचे पाय होते. विपुलने परतीचं पार्सल पाहिलंच नाही. काटा आणि कुलूपबंद रात्र, दोन्ही एकाच ठिकाणी होती."

"कायपण काय!" हनुमान उसळला. "कंपनीच्या गोदामात कोणी काढलं असंल. फोटोत शिवण शाबूत हाय ना?"

"शाबूत आहे. म्हणूनच तुम्ही सापडलात."

बाईंनी तीन वस्तू हिराबाईच्या पुढ्यात ठेवल्या : दिपिकाची पिशवी, पहिला फोटो आणि मुरबाडला शिवून घेतलेलं पार्सल.

"पिशवीचा कोपरा बघा. आत मुडपलेला, सपाट. शिवणारीचा हात आहे. आता फोटोतलं पार्सल. वरच्या दोन टोकांना काय दिसतं?"

बायका फोटोवर वाकल्या. सगळ्यांच्या आधी म्हातारी सकुबाई ओरडली, "अगो, कान हायती! पोत्याचे कान!"

जयरामच्या डोळ्यांसमोर टपावर भिरकावली जाणारी पोती आली, मग दोऱ्याचे ते वेढे. त्याला स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटली.

"पोत्याला कान ठेवतात, हमालाला धरायला," सुंदराबाई म्हणाल्या. "कंपनीच्या मुंबईतल्या गोदामात हे कोणाला ठाऊक असणार? पार्सलला तर कानांचं कामच नाही. पण ज्याचा जन्म गिरणीत पोती शिवण्यात गेला, त्याची बोटं विचारत बसत नाहीत. पत्ता लिहिलेली बाजू त्याने हलवली नाही. वरची एकच शिवण उसवली, मशीन काढलं, दगड घातला, शिवण परत घातली. कापड तेच, अक्षर तेच. फक्त पार्सलला कान फुटले. आणि हे दुसरं पार्सल हनुमानने माझ्यादेखत शिवलं."

दोन्ही पार्सलांचे कान सारखेच होते.

"कानावरून माणूस चोर ठरवता?" हनुमान उठून उभा राहिला.

"नाही. थंडीत ज्याच्या बहिणीचा पंखा अडकतो, त्याची चौकशी करावी लागते." सकाळीच सुंदराबाईंनी खर्डीला निरोप धाडून एकीला शेजारच्या घरात बसवून ठेवलं होतं. तिकडे बघून त्यांनी हाक मारली. "काजल, ये गं."

हातात बांगड्यांचा चुडा अजून नवा असलेली मुलगी दोन्ही हातांनी मशीन पोटाशी धरून बाहेर आली. तिने भावाकडे पाहिलंच नाही. सकुबाईने पुढे होऊन मशीन आडवं केलं. बुडाखाली वाळलेल्या पिठाचे पाच ठिपके होते. म्हातारीने त्यावर आपली बोटं टेकवली. नेमकी बसली.

"दादा," काजल म्हणाली, "मला नसतं दिलं तरी चाललं असतं."

हनुमान ओटीच्या पायरीवर बसला. "लग्नात मशीन देईन, असं सासरी बोलून बसलो होतो. वाटलं, एवढी मोठी कंपनी, खोकं बाजूला टाकंल नि बाईचे पैसे देऊन मोकळी होईल. कोण उघडून बघतंय?"

"माझं तोंड कोण बघत होतं रे, एवढे दिवस?" दिपिका प्रथमच बोलली.

हिराबाई उठली, खांबाजवळ आली आणि दिपिकाच्या शेजारी बसली. नुसतीच बसली.

हनुमानने आपला जबाब लिहून दिला. पोलिसांकडे जायचं की नाही, हे गट ठरवणार होता. कंपनीला तो जबाब आणि फोटोतले कान दाखवून बंद केस उघडायला लावणं विपुलने अंगावर घेतलं. फोनवरचं म्युझिक तो आता गटाच्या बायकांनाही ऐकवणार होता.

पैसे परत हवेच होते, कारण मशीन अजूनही अडकतच होतं.

सोमवारी सकाळी दिपिकाने ते पुन्हा मांजरपाटात शिवलं, कोपरे आत मुडपून. रात्रीचा मुक्काम धसईतच पडल्याने जयराम गावच्या जीप स्टँडवर स्कूटर पुसत उभा होता. देवरामने पार्सल उचललं आणि सवयीने विचारलं, "काय गो, आज काय हाय यात?"

स्टँडवरची माणसं वळून बघू लागली. दिपिकाने पदर खोचला.

"मशीन हाय," ती प्रत्येकाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "बिघडलेलं मशीन. मुरबाडला टेकवशील तेव्हा हेच बोल. एक शब्द इकडचा तिकडं करू नको."