जाजमाबाहेरची मुलगी

दुपारच्या झोपेतून उठवणारा माणूस सख्खा भाऊ असला तरी उद्धवरावांना वैरी वाटतो. त्या दिवशी नांदेडात पारा चव्वेचाळीसवर गेला होता, कूलर घुमत होता, आणि आरामखुर्चीतले उद्धवराव कुठल्याशा गार नदीत पाय सोडून बसले होते. तेवढ्यात नदीच बोलली, "उद्धवराव, पाणी आणा. पोरगी उन्हातून आलीय."

डोळे उघडले तर नदी नाही, समोर सौदामिनीबाई. कॉलेजात तीस वर्षं गणित शिकवून बाई निवृत्त झाल्या आणि खाजगी तपासाची कामं घेऊ लागल्या. शेजारचे उद्धवराव, जिल्हा परिषदेतले निवृत्त कारकून, सोबतीला जात. आपला तिथं उपयोग काय, हे कोडं मात्र त्यांना अजून सुटलेलं नव्हतं.

"जय भीम, काका," म्हणत पोरीनं पाण्याचा तांब्या घेतला. तिचं नाव रेणुका. लातूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टर होती.

"आमच्याकडं एक मॉड्यूल बनून राहिलंय, मॅडम. फोटोची फाइल वाचायची, फोटो लहान-मोठा करायचा, नवी फाइल लिहायची. बस्स. ते नीट करतंय का, हे मी तपासते. टेस्टसाठी कंधारच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतल्या चाळीस जुन्या काचा आणल्यात. काचेच्या निगेटिव्ह. त्या स्कॅन करून फाइली केल्या, अन् त्यात एक फोटो आमच्याच गावचा निघाला! छप्पन साली दीक्षा घेतल्यावर सगळ्या वस्तीनं काढलेला."

"बरं, मग?"

"माझी आजी, सरजाबाई, तेव्हा आठ वर्षांची. मी त्या फोटोत हाय, असं ती जन्मभर सांगत आली. पण गावात जो फोटो टांगलाय त्यात ती न्हाई. सगळे हसतात तिला. अन् शुक्रवारी मी त्या फाइली एकेक उघडून बघत होते, तर उजव्या कडेला कळशी घेऊन आजी उभी! बाहेर पळत जाऊन फोन लावला. आजी रडलीच." रेणुकानं तांब्या खाली ठेवला. "सोमवारी फाइल उघडली तर आजी गायब. कडाच नाही तेवढी. सगळे म्हणतात, तूच टेस्टच्या नादात मूळ फाइलीवर दुसरी लिहिलीस. मालकीण म्हणते, असला टेस्टर कशाला ठेवू. नोकरी गेली तर गेली. पण आजी उद्या चारच्या एसटीनं मुखेडहून येऊन राहिलीय, फोटो बघायला. तिला काय तोंड दाखवू?"

"ती काच पुन्हा स्कॅन करा की," उद्धवरावांनी अक्कल पाजळली.

"स्कॅनरवरून उचलतानाच तिचा चुरा झाला, काका."

"दुसरी प्रत? मोबाइलमध्ये?" बाईंनी विचारलं.

"मोबाइल दारातच ठेवावा लागतो. अन् टेस्ट पास झाली की मॉड्यूलनं लिहिलेल्या नव्या फाइली आपोआप पुसल्या जातात."

बाईंनी डोळे मिटले. उद्धवरावांनीही मिटले, त्यांचे मात्र वेगळ्या कारणानं.

दुसऱ्या दिवशी लातूरच्या एसटीत व्हायचं तेच झालं. खिडकीतून गरम वारा आला आणि उद्धवराव पेंगले. स्वप्नात सगळी गाडी लहान लहान होत गेली. कंडक्टर बोटाएवढा झाला, उसाचे मळे गवताएवढे झाले, आणि आपण स्वतः हरभऱ्याच्या दाण्याएवढे.

"बाई, काय भलतंच स्वप्न!" जागं होऊन त्यांनी सांगितलं.

"त्यात कोणी गायब झालं का हो?"

"नाही बुवा. सगळे लहान झाले, पण आपापल्या सीटवर होते."

"उद्धवराव, तुम्ही जागेपणापेक्षा झोपेत शहाणे आहात," बाई म्हणाल्या. ही स्तुती की निंदा, हे न कळल्यानं उद्धवराव खिडकीबाहेर बघू लागले.

ऑफिस बियाण्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर होतं. मालकीण अपूर्वा जेमतेम तिशीची, घाईतली. "गिऱ्हाइकाला महिनाअखेर मॉड्यूल द्यायचंय. त्याला फोटो स्वच्छ हवेत, नाटकं नकोत. शनिवारी मी लग्नाला गेले होते. ऑफिसात अंबरीश आणि नागप्पा दोघंच होते."

अंबरीशनं ते मॉड्यूल लिहिलं होतं. त्याच्या कपाळाला आठ्या होत्या. "रेणुकानं या महिन्यात माझ्यावर अकरा तक्रारी लिहिल्यात! शुक्रवारी चाळीसपैकी एकच टेस्ट फेल गेली, सत्तावीस नंबरची. फोटो उलटा लिहिला गेला. 'मला फिरवून दाखवा' अशी खूण त्या फाइलीत होती, ती माझं मॉड्यूल वाचत नव्हतं. तासाभरात दुरुस्त केलं, तक्रार बंद केली. अजून काय करायचं माणसानं?"

नागप्पा मूळचे निलंग्याचे. वय सदुसष्ट. कंधारच्या त्या स्टुडिओत ते पोरवयात लागले आणि स्टुडिओ बंद होईपर्यंत राहिले. आता इथं काचा स्कॅन करायचे.

"ती गावाची काच ना? तिला तडा होता हो, बाई. स्कॅनरच्या झाकणाचा भार तड्यावर येऊ नये म्हणून तेवढी एकच वरची बाजू खाली करून उलटी ठेवली, अन् फाइलीत तशी खूण केली. तरी उचलताना हातातच गेली." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "शनिवारी सगळ्या फोटोंची सफाई केली. धूळ, बुरशीचे डाग, असलं काय काय काढून टाकलं."

"काका किती जीव लावतात फोटोंना," रेणुका पुटपुटली.

ऑफिसात येणाऱ्या पाहुण्यांचा फोटो घ्यायची नागप्पांना हौस होती. भिंतीजवळ विटलेलं लाल जाजम अंथरलेलं होतं, त्यावर दोन खुर्च्या. "स्टुडिओ मोडला तवा मालकाचं हे जाजम तेवढं घेऊन आलो," ते कौतुकानं म्हणाले. मग कॅमेरा डोळ्याला लावून एकदम दटावलं, "साहेब, पाय आत! जाजमावर!" उद्धवरावांनी शाळकरी पोरासारखे पाय आत घेतले.

बाईंनी रेणुकाकडं तिची वही मागितली. टेस्ट सुरू करण्याआधी प्रत्येक फाइलीची रुंदी-उंची हातानं वहीत उतरवायची, अशी रेणुकाची रीत होती. अंबरीश त्या वहीला भाजीवाल्याची वही म्हणायचा.

"पहिल्या दिवशी चाळीसही फोटो चार हजार पिक्सेल रुंद," बाई म्हणाल्या. "आत्ता पुन्हा मोज."

रेणुकानं मोजलं. सात फोटो अरुंद झाले होते. ती चपापली. "मी आजीचाच बघत बसले. बाकीचे बघितलेच न्हाईत."

बाईंनी ते सातही फोटो लावायला सांगितले. फेटेवाले, नवरा-नवरी, तालमीतले पैलवान असे कुठले कुठले लोक संथपणे पडद्यावर येऊन गेले. ते सगळे आपल्याकडंच बघतायत असं उद्धवरावांना वाटलं आणि डोळे जड झाले. बाई मात्र कुणाचे चेहरे पाहत नव्हत्या. त्या खालची जमीन पाहत होत्या.

पावणेचारला त्यांनी सगळ्यांना बसवलं.

"मॉड्यूल फोटो लहान करतं, म्हणजे सगळेच लहान होतात. एकटं कुणी नाहीसं होत नाही. उद्धवरावांनी हे आज येताना गाडीत झोपेतच सांगितलं." उद्धवराव ताठ बसले. "म्हणजे फोटो माणसाच्या हातानं कापला. रेणुकावर राग धरून कापायचा, तर एक फोटो पुरे होता. अंबरीशनं सात कशाला कापावेत? आणि गिऱ्हाइकासाठी अपूर्वानं कापायचे, तर चाळीसही सारखे कापले असते. सातही फोटोंत काप कुठं आहे ते बघा. जाजम जिथं संपतं, बरोब्बर तिथं."

सगळ्यांच्या नजरा भिंतीजवळच्या जाजमाकडं गेल्या.

नागप्पा गोंधळले. "कापायचंच असतं की, बाई! मालकानं शिकवलं व्हतं. जाजमावरचे ते गिऱ्हाईक. बाहेरचे ते बघे, प्रिंट काढताना त्यांना कापायचं. ह्यालाच आम्ही सफाई म्हणायचो." बोलता बोलता ते थांबले. "अय्यो... रेणुका, तुझी आजी होती का ती?"

रेणुकाला रागवायचं होतं, पण म्हाताऱ्याचं तोंड बघून तिला रागवताही येईना. "गावातल्या फोटोतूनही ती अशीच गेली असेल," ती म्हणाली. "अन् आता तर कुठंच न्हाई."

"पास झालेल्या टेस्टच्या फाइली पुसल्या जातात," बाई म्हणाल्या. "आणि फेल झालेल्या टेस्टची?"

"ती पुसत न्हाई. पुरावा म्हणून मशीनच तक्रारीला जोडतं..." रेणुका ताडकन उठली. "सत्तावीस नंबर! उलटा फोटो!"

"नागप्पांनी उलटी ठेवलेली काच एकच होती. शुक्रवारी टेस्ट झाली, शनिवारी कात्री लागली."

"अगं बाई! तक्रार बंद झाली तशी ती माझ्या यादीतून गेली. अन् मी तर नंबर बघितलाच नव्हता, मॅडम. आजीच बघितली होती."

अंबरीशनं बंद तक्रार उघडली. पडद्यावर सगळी वस्ती उलटी लटकत होती. उद्धवरावांनी मान वाकडी केली. अंबरीशनं फोटो फिरवला, आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं हळूच जमिनीवर उतरली. उजव्या कडेला, जाजमापासून वीतभर लांब, आठ वर्षांची पोर कळशी धरून उभी होती. परकर भिजलेला, डोळे मोठे.

"अर्ध्या आकाराचा आहे," अंबरीश खाकरला. "पण मोठा प्रिंट निघेल. त्या दिवशी माझं चुकलं ते बरंच झालं म्हणायचं."

अपूर्वा रेणुकाला म्हणाली, "माझंही चुकलं. न तपासता बोलले. ती वही चालू ठेव."

चारच्या एसटीतून उतरून सरजाबाई काठी टेकत आल्या. रेणुकानं त्यांना खुर्ची दिली, पण त्या उभ्याच राहिल्या. बराच वेळ पडद्याकडं बघत होत्या.

"हाव, मीच ती," त्या म्हणाल्या. "समद्यांसाठी पाणी आणाया गेले व्हते. आले तं समदे बसलेले. बाप वरडला, ये, बस. पर जाजम त्या फोटोवाल्याचं. लोकाच्या जाजमावर पाय पडला तं लई मार बसायचा आमाला. दीक्षा सकाळीच झाली व्हती, पर पायाला आजून ठावं न्हवतं."

उद्धवरावांनी चष्मा पुसला, जो स्वच्छच होता.

नागप्पांनी हात जोडले. "आक्का, मीच कापलं तुमाला. हेच ते जाजम."

सरजाबाईंनी लाल जाजमाकडं पाहिलं. काठी रेणुकाच्या हातात दिली, चप्पल काढली. एक पाय उचलला, क्षणभर तसाच ठेवला आणि मग टेकवला. चालत चालत बरोबर मधोमध गेल्या, ऐसपैस मांडी घातली, पदर नीट केला.

"घे फोटो," त्या नागप्पांना म्हणाल्या. "अन् आता काप बघू!"