रस्ता व्हायच्या आधी

जीप दारात थांबली तशी चंद्राबाईंनी आधी पदर सावरला आणि मग घराकडे तोंड करून हाक दिली, "शंभू, पावणं आलं."

संस्कृतीला नवल वाटलं. एरवी वस्त्यांवर तिच्या स्वागताला कुत्री यायची. इथे अंगण नुकतंच सारवलेलं, बाजेवर नवी कोरी चादर, आणि उंबऱ्यात कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक उंच तरुण... केस अजून ओले, चेहरा तोंडी परीक्षेला बसल्यासारखा. तिनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग, काही कारण नसताना, आणखी एकदा.

बारामती-इंदापूर भागाचा प्रादेशिक आराखडा करणाऱ्या एका संस्थेत ती नोकरीला होती. पुढच्या वीस वर्षांत रस्ते कुठून जावेत, शीतगृहं आणि कारखाने कुठे यावेत आणि कुठल्या जमिनीला, कुठल्या पाण्याला कुणीच हात लावू नये, हे ठरवण्याआधी घरोघर जाऊन माणसांना विचारायचं, हे तिचं काम. कळंबच्या वरच्या अंगाला, माळाच्या कडेची ही वस्ती त्या सकाळी तिच्या वाट्याला आली होती. सोबत जीपचे ड्रायव्हर भीमाकाका. पांढरं धोतर, पांढरी टोपी, पिकलेल्या मिशा. कुठल्याही लग्नात नवरीचे मामा म्हणून उभे करावेत असे.

तेच नडलं.

घरधनी कुंडलिकतात्यांनी काकांना हाताला धरून बाजेवर बसवलं. संस्कृतीनं टॅब उघडला आणि नेहमीचे प्रश्न सुरू केले. घरात माणसं किती, जमीन किती, त्यातली भिजते किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, दारात गाडी कुठली. तात्या छाती काढून उत्तरं देत होते. एवढं मुद्द्याचं विचारणारी मुलगी त्यांनी पाहिली नव्हती. मधेच कांदेपोह्यांच्या ताटल्या आल्या, वर खोबरं, बाजूला लिंबाची फोड. भीमाकाकांना एव्हाना सगळा उलगडा झाला होता, पण पोहे चांगले होते, त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं ते खाण्यापुरतंच.

माल कुठे जातो, असं तिनं विचारल्यावर इस्त्रीचा शर्ट पहिल्यांदा बोलला. ढोबळी मिरची आणि टोमॅटो, बारामतीच्या मार्केटला. वाट अशी की निम्मे टोमॅटो पोचेपर्यंत क्रेटमध्येच चेपतात. सर्वांत जवळचा बसथांबा कुठला, हा तिचा पुढचा प्रश्न ऐकून तो जरा चमकला, तिच्या टॅबकडे त्यानं निरखून पाहिलं, आणि मग ओठ दाबून मान खाली घातली.

"आणि तुम्हाला स्वतःला या भागात काय व्हावंसं वाटतं?" तिनं विचारलं.

"मला?" त्यानं वर पाहिलं. "हे आजवर कुणी विचारलंच न्हाय."

त्याचे डोळे हसत होते. संस्कृतीचं बोट स्क्रीनवर भलत्याच रकान्यात गेलं.

एवढ्यात शंभूची आई चंद्राबाई तिच्या शेजारी येऊन टेकल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवत मायेनं म्हणाल्या, "सैपाकाचं आमी काय इचारत न्हाय. शेतात राबायची बी सक्ती न्हाय. फकस्त ह्या माळावर राहशील का, तेवढं सांग, पोरी."

पुढचं काय सांगावं. संस्कृती कानापर्यंत लाल झाली. खरं स्थळ दौंडकडून यायचं होतं. थोड्याच वेळात त्यांचा फोन आला: अरुंद रस्त्यावर उसाची ट्रॉली आडवी झाली होती, आणि पाहुणे तिथूनच माघारी फिरले होते. जिथे धड रस्ता नाही तिथे मुलगी कशी द्यायची, असं मुलीचे काका म्हणाले. तात्या फोन ठेवून उगाच आभाळाकडे बघत राहिले. ही काही पहिली वेळ नव्हती, आणि हे काही त्यांच्याच घरचं दुखणं नव्हतं. वस्तीवरची सगळी पोरं अशीच बसून होती.

शंभूराज तिला जीपपर्यंत सोडायला आला.

"तुमच्या लक्षात आलं होतं ना?" तिनं विचारलं.

"बसथांब्यापाशी. मुलीकडचे बसथांबा विचारत न्हाईत."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही उठून गेला असता," तो शांतपणे म्हणाला.

जीप कळंबच्या वेशीपर्यंत आली तरी ती खिडकीबाहेर बघत होती. काकांनी आरशातून पाहिलं आणि मुकाट गाडी चालवली.

त्यानंतर तिची त्या वस्तीवर बरीच कामं निघू लागली. काही खरी होती.

आराखड्यात त्या भागासाठी रस्त्याच्या दोन रेषा होत्या. एक माळावरून सरळ, थेट बारामतीच्या रस्त्याला भिडणारी. दुसरी कालव्याच्या कडेनं, लांब वळसा घेत, वाटेतल्या गावांना शिवत जाणारी. वस्तीला सरळ रेषा हवी होती. त्यासाठी भाजीवाल्या तरुणांचा गट झगडत होता आणि गटाचा पुढारी होता शंभूराज.

"मला सरळच पायजे," त्यानं पुढच्याच भेटीत सांगून टाकलं. "तुम्ही आवडता म्हणून खोटं बोलणार न्हाय."

वाक्याचा मधला तुकडा त्यानं इतका सहज टाकला की तो पुरता कळायला तिला घरी पोचावं लागलं.

ती बारामतीजवळच्या कन्हेरीची. आई आणि ती, दोघीच. आईनं भाजीपाला पिकवून तिला शिकवलं आणि एकच गोष्ट बजावली होती की जावई नोकरीवाला बघायचा, मातीत हात घालणारा नको. संस्कृतीनं तेव्हा मान डोलावली होती. आता संध्याकाळी आईशेजारी बसून मेथी निवडताना तिला उगाचच हसू येई, आणि आई विचारी, काय गं...

एका दुपारी तो तिला माळ दाखवायला घेऊन गेला. पौषातलं उबदार ऊन, गुडघाभर पिवळं गवत, लांबवर मेंढरांचा कळप. दोघं चालत होते, अंतर ठेवून, आणि अंतर आपोआप कमी होत होतं. अचानक त्यानं तिच्या मनगटाला हलकेच धरून तिला थांबवलं. समोर गवतात चिंकारा हरणी उभी होती, पिल्लाला अंगाशी घेऊन. ती त्यांच्याकडे बघत राहिली, मग शेपटी हलवून ओढ्याच्या दिशेनं निघून गेली. मनगट सोडायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

"सरळ रेषा इथूनच जाते ना?" त्यानं विचारलं.

"इथूनच."

मग तिनं त्याला मोकळेपणानं सांगितलं. रस्ता एकटा येत नाही. मागून प्लॉट पडतात, ढाबे येतात, पत्र्याच्या शेड उभ्या राहतात, आणि बघता बघता माळ उरत नाही. तुमच्या विहिरींना उन्हाळ्यात जे पाणी टिकतं, ते या माळानं पावसात पिऊन ठेवलेलं असतं. माळ गेला तर रस्ता राहील, पण त्यावरून न्यायला टोमॅटो राहतील का... कालव्याकडचा वळसा लांबचा खरा, पण त्यावर चार गावांचा माल एकत्र निघेल, आणि उसाच्या ट्रॉल्यांना बाजूची वेगळी वाटही देता येईल.

त्यानं मनगट सोडलं आणि दोघं परत फिरले.

आठवड्यानं तिनं अहवाल दिला. आदल्या दिवसभर तिची बोटं चालत नव्हती. सरळ रेषा लिहिली तर ती त्याच्यासाठी लिहिल्यासारखं झालं असतं. वळसा लिहिला तर तो गेला. तिनं वळसा लिहिला. ग्रामसभेत तो मांडायचं ठरलं, गावाला बातमी गेली, आणि शंभूराजचा फोन बंद झाला. म्हणजे फोन चालू होता. तोच उचलत नव्हता. बारामतीच्या ऑफिसात ती दर थोड्या वेळानं फोन उलटा करून ठेवी आणि लगेच सुलटा करी. नकाशावरच्या एका रेषेपायी आपण त्याला घालवून बसलो, असं तिला वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे ती रेषा तिला अजूनही बरोबरच वाटत होती.

सभा कळंबच्या मंदिराच्या मंडपात भरली. वस्तीवरची पोरं फुरंगटून पुढे बसलेली. शंभूराज मागच्या खांबाला टेकून, मान खाली. संस्कृतीनं पाणी सांगितलं, माळ सांगितला, मालाची वाहतूक सांगितली. आवाज चढले. शहरातल्यांना हरणं दिसतात, माणसं दिसत नाहीत, असं एकानं सुनावलं. ती म्हणाली की मीही कन्हेरीच्या भाजीवालीची मुलगी आहे, पण ते गोंगाटात बुडालं. शेवटी कुंडलिकतात्या उठले आणि सगळे गप्प झाले.

"बाई, तुमचं समदं पटतंय," ते म्हणाले. "पाणी, हरणं, मेंढरं, समदं. पर सरळ रस्ता झाला तर पावणा दारापत्तुर येतोय. वळशानं कोण येणार? आमच्या वस्तीवर पोरगी कोण देणार, तेवढं सांगा."

तिच्याजवळ उत्तर तयार होतं. कालव्याच्या बाजूनं किती गावं जोडली जातात, त्याचा तक्ताच होता. तिनं तोंड उघडलं... आणि समोर उभ्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहून तो सगळा तक्ता कुठल्या कुठे गेला.

"मी येते की," ती म्हणाली.

माईक चालू होता. मंडपातलं कबूतर उडाल्याचंसुद्धा ऐकू आलं. तात्यांनी टोपी काढली, परत घातली. माणूस मूळचा व्यवहारी.

"रस्ता व्हायच्या आधी का नंतर?" त्यांनी विचारलं.

"आधी," संस्कृती म्हणाली.

आपण काय बोललो ते आता तिला कळलं. भर सभेत, कुणी मागणी घातलेली नसताना, फोन न उचलणाऱ्या माणसासाठी... जमिनीनं पोटात घेतलं असतं तर ती आनंदानं गेली असती. मागून पावलं आली. शंभूराज चालत पुढे आला, तिच्याकडे न बघता माणसांकडे वळला आणि म्हणाला, "रस्ता कालव्याच्या कडेनंच होऊ द्या. आमच्या गटाचं तेच म्हणणं." गटातल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं, आपलं म्हणणं त्यांना आत्ताच कळत होतं. मग एकजण खुदकन हसला, बायकांच्या बाजूला हशा पिकला, आणि त्या हशातच एकेक हात वर होत गेला.

बाहेर जीपच्या आडोशाला तिनं त्याला गाठलं. भीमाकाका टायर तपासायच्या निमित्तानं पलीकडे गेले.

"रागावला होतात ना?"

"राग कशाचा? विहिरीचं बोललात तवाच पटलं होतं." त्यानं मंडपाकडे एकदा पाहिलं. "पर फोन उचलला असता तर गाव म्हणालं असतं, ह्यानं मॅडमला फिरवलं. न्हायतर मॅडमनी ह्याला फिरवलं. तुमचं काम तुमच्या हातून नीट पार पडावं, मग बोलावं, असं ठरवलं होतं. तुम्ही माझ्या आधी बोलून बसलात."

एवढ्या दिवसांचं ओझं तिच्या छातीवरून असं उतरलं की तिला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं दोन्ही होऊ दिलं. मग ओढणीनं डोळे पुसत तिनं सांगितलं की आता या भागाचं काम तिला सोडावं लागेल. घरचाच रस्ता घरच्यानं आखणं बरं दिसत नाही. उद्यापासून राजेश्वरी नावाची सहकारी येईल.

"म्हणजे तुम्ही यायच्या न्हाईत?"

"सर्व्हेला नाही."

"मग?"

"मग तू बोलव," ती म्हणाली.

'तू' ऐकून तो क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. मंडपातून चंद्राबाई बाहेर येत होत्या, मागोमाग अख्खं गाव येत होतं. त्यानं सगळ्यांदेखत तिचा हात हातात घेतला.

"उद्या ये," तो म्हणाला. "आईला घेऊन ये."