माळाखालचं जंगल

झाडं जास्त तिथं पाखरं जास्त, हे पहिलीतलं पोरही सांगेल. मग चांदमाळावर नेमकं उलटं का व्हावं, हे उल्काला काही केल्या समजेना.

चांदमाळ म्हणजे त्यांच्या गावालगतचं राखीव माळरान. मे महिन्याच्या अखेरीस तो अगदी उघडाबोडका दिसायचा. मुरमाड जमीन, वाळून पिवळं पडलेलं गवत आणि वर भाजणारं ऊन. माळाच्या एका कडेला तीन वर्षांपूर्वी शाळेनं झाडांची एक पट्टी लावली होती. आता येत्या रविवारी शाळेची रोपणयंत्रं (आपोआप खड्डे खणून रोपं लावणारी यंत्रं) उरलेल्या माळावर चालणार होती. सातवीतली उल्का शाळेच्या हरितपथकाची प्रमुख. खड्डे कुठं घ्यायचे ते ठरवायला ती आत्याबरोबर आली होती.

वासंतीआत्या मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारी) होती. तिच्यासोबत तिचा यंत्रमानव होता, चार पायांवर जमिनीला चिकटून चालणारा. त्याला सगळे घोरपडच म्हणत. घोरपड पाखरांचे आवाज ऐकून त्यांच्या जाती ओळखायची.

"झाडांच्या पट्टीत पाच जाती," घोरपड म्हणाली. "उघड्या माळावर सव्वीस."

"आत्या, ही बिघडलीय."

"मी बिघडलेली नाही," घोरपड शांतपणे म्हणाली.

आत्या हसली. "तिच्यावर विश्वास ठेवू नकोस हवं तर. पण तुला डोळे आहेत ना? चल, बघू."

दोघी माळावर चालू लागल्या. थोडं पुढं गेल्यावर घोरपडीनं एकदम उल्काच्या पायाआड आपला पाय घातला. उल्का धडपडली आणि चिडून खाली बघते तर काय! पावलापुढं, उघड्या जमिनीवर, दोन अंडी पडली होती. ना काडी ना घरटं. रंग हुबेहूब खड्यांसारखा.

"धाविक," आत्या कुजबुजली. "लांब पायांचा, माळावर तुरुतुरु पळणारा पक्षी. मागं हो, त्याला परत येऊ दे."

त्या बऱ्याच लांब जाऊन बसल्या आणि दुर्बिणीतून बघू लागल्या. धाविक आला. थोडं पळायचा, थांबायचा, मान उंचावून चहूकडं बघायचा. पण त्याला दिसलं नाही ते उल्काला दिसलं. पट्टीतल्या सर्वांत उंच झाडावर एक कावळा बसला होता आणि तिथून तो धाविकाची प्रत्येक हालचाल टिपत होता. धाविक अंड्यांपाशी थांबला मात्र, कावळ्यानं सरळ झेप घेतली.

"हाऽड! हाऽड!" उल्का ओरडत धावली. कावळा उडाला, पण चोचीत एक अंडं घेऊनच. एकच अंडं उरलं.

उल्काचे डोळे भरून आले. "ते झाड आमच्या शाळेनं लावलंय, आत्या."

"माळावरच्या पाखरांना लपायला झाड लागत नाही," आत्या हळूच म्हणाली. "त्यांना लांबवर दिसायला हवं. आणि शिकाऱ्याला उंच बसायला जागा मिळायला नको."

"पण मग हवेतला कार्बन? झाडं तो साठवतात ना? इथं तर नुसतं वाळकं गवत. हे काय साठवणार?"

"घोरपड, दाखव गं."

घोरपड एका गवताच्या ठोंबाशेजारी पोट टेकून बसली. तिनं जमिनीत रेडिओलहरी सोडल्या आणि तिच्या पाठीवरच्या पडद्यावर जमिनीच्या पोटातलं चित्र उमटलं. उल्का बघतच राहिली. वर जेमतेम गुडघाभर गवत, पण खाली मुळांचा गच्च गुंता! धाग्यांसारखी असंख्य मुळं मुरमाच्या फटीफटींतून खोल उतरली होती.

"गवताची पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि उन्हाच्या मदतीनं त्याची साखर बनवतात," आत्या सांगू लागली. "बरीचशी साखर मुळांकडं जाते. दरवर्षी काही मुळं मरतात, कुजतात, त्यांचा ह्यूमस (कुजलेल्या अवशेषांचा काळसर थर) होतो. वरचं गवत गुरांनी खाल्लं, वणव्यात जळलं, तरी खालचा बराचसा कार्बन तिथंच राहतो. शेकडो वर्षं तो असाच साठत आलाय."

"आणि खड्डे खणले तर?"

"माती उघडी पडते. तिच्यातले सूक्ष्मजीव तो साठा भराभर खातात आणि कार्बन पुन्हा हवेत जातो. लावलेलं झाड जगलं, तर तो भरून निघायला खूप वर्षं लागतात. या उथळ मातीत निम्मी रोपं जगतही नाहीत."

उल्का उठली. तिनं कपडे झटकले. "रविवारचं थांबवायला हवं."

"सोपं नाही हं. पाहुणे बोलावलेत, रोपं आणलीत."

"नसू दे सोपं."

हरितपथकाचे धायगुडे सर तिचं बोलणं ऐकून चकितच झाले. "अगं, झाडं नकोत म्हणणारी पथकप्रमुख मी पहिल्यांदाच बघतोय! सगळी तयारी झालीय."

"सर, तुम्ही एकदा माळावर चला. तिथं येऊनही तुम्हाला पटलं नाही, तर पहिलं रोप मीच लावीन."

शनिवारी सकाळी सर आले. उल्कानं त्यांना दुर्बिणीतून धाविक दाखवला, पट्टीत वाळून गेलेली रोपं दाखवली, घोरपडीच्या पाठीवरचं चित्र दाखवलं. सरांना अजून पटत नव्हतं. तेव्हा तिनं एका वाळक्या ठोंबाकडं बोट केलं. "मेलंय असं वाटतं ना? उपटून बघा."

सरांनी एका हातानं ओढलं. मग दोन्ही हातांनी. मग पाय रोवून. मूठभर पाती हातात आली आणि सर धपकन मागं बसले. ठोंब जागचा हलला नाही.

सर तिथंच बसून राहिले, तळहाताकडं बघत. मग म्हणाले, "म्हणजे आपण एका जंगलावर दुसरं जंगल लावायला निघालो होतो. पण रोपांचं काय करायचं?"

"ओढ्याकाठी लावू, सर. शाळेच्या रस्त्याला लावू. तिथं माती खोल आहे, पाणी आहे. तिथं झाडंच हवीत." उल्कानं रात्रीच सगळं ठरवून ठेवलं होतं.

रविवारी रोपणयंत्रं ओढ्याकडं वळली. पाहुण्यांना माळ दाखवायचं काम सरांनी उल्कालाच दिलं. पथकातली मुलं मात्र पट्टीतले रिकामे खड्डे बुजवत होती. आत्यानं हिवाळ्यात जमवलेलं कुसळी गवताचं बी त्यांना वाटलं. प्रत्येक बियाला लांब, पीळ पडलेली शेपटी होती.

"हे पेरायचं कसं?" एकानं विचारलं.

"नुसतं ठेव, आणि वर पाण्याचा थेंब टाक," आत्या म्हणाली.

थेंब पडला. मुलं डोकी जुळवून वाकली. ओली झालेली शेपटी सावकाश उलगडू लागली, गोल गोल फिरू लागली आणि तिच्याबरोबर बियाचं टोक मातीत रुतत गेलं.

"ते स्वतःच स्वतःला पेरतंय!" उल्का ओरडली, आणि तिनं पुढच्या बियावर थेंब टाकला.