फुंकायची खोली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. नंतर हसू येणार नाही. माझा धाकटा मेहुणा छातीच्या दवाखान्यात कामाला आहे. रोग्याच्या तोंडात कागदी नळी द्यायची, ती यंत्राला जोडायची आणि ओरडायचं, "फुंका! अजून, अजून!" फुप्फुसात किती दम उरलाय ते त्यावरून कळतं.

साथ आली आणि त्याच्या साहेबांनी फुंकायच्या खोलीला कुलूप ठोकलं. सुरुवातीला ठीक होतं, फुंकरीतून रोग पसरतो. पण साथ ओसरली, हॉटेलं उघडली, साहेब चार लग्नांत जेवून आले, तरी खोली बंदच. जुने रोगी साहेब फोनवरच तपासायचे, तेही जेवता जेवता. एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. यंत्रात फुंकून आकडा दाखवल्याशिवाय त्यांचं नवं औषध मंजूर होत नव्हतं. दोन शब्दांमागे थांबत म्हणायच्या, "एकदा तरी... फुंकू द्या." साहेब म्हणाले, "बोलताय ना? मग श्वास आहे." असला दीडशहाणा! बाई त्याच महिन्यात गेल्या.

मग वरून तपासणीला माणसं येणार असं कळलं. साहेबांची तंतरली. आदल्या रात्री, गुरुवारी, त्यांनी मेहुण्याला पिटाळलं. "यंत्र पूस, नवी नळी लाव. रोज चालू होतं असं दिसलं पाहिजे."

साडेअकराला त्याने कुलूप काढलं. यंत्र पुसलं. नळी लावली. वीज जोडलेलीच नव्हती. मग तो पाठ करून खिडकी पुसायला लागला.

मागे कुणीतरी फुंकलं.

दुसरा कुणी धूम पळाला असता. पण याची जन्माची सवय! वळायच्या आधीच तोंडातून गेलं, "अजून, अजून..."

फुंकर थांबेना.

"अजून..."

इतका श्वास माणसात नसतो. पडदा हलला. काच धुरकटली. तो वळला. खुर्ची रिकामी...

मग सगळं शांत.

मग अगदी हळू, "झालं... का?"

"झालं, बाई," तो म्हणाला. आणि ढसाढसा रडला.

सकाळी तपासणीवाले आले. साहेब छाती फुगवून म्हणाले, "आमचं काम एक दिवस थांबलं नाही हो!" त्यातल्या एकाने नळीला बोट लावलं. ओली होती. त्याने मान डोलावली, साहेबांची पाठ थोपटली. चहा झाला, गाड्या गेल्या. लाज म्हणून नाही त्या साहेबाला.

मेहुण्याने ती नळी गुपचूप घरी आणली, कपाटात ठेवली. दोन उन्हाळे गेले. परवा मी स्वतः हात लावून पाहिला...

वाळलेली नाही.